सरकलेला राजा

माझ्याकडे आज एकवीस रोमन नाणी आहेत आणि त्यातल्या एकाही राजाचं तोंड पूर्ण नाही. कुणाचं नाक नाण्याच्या बाहेर राहिलंय, कुणाचं अर्धं कपाळ, एकाची तर नुसती मानच उरलीय. लोक विचारतात, शकू, असली मोडकी कशाला जमवतेस? मोडकी नाहीत ती, मी सांगते, ठोकताना हात सरकलेली आहेत. अशांना बाजारात कुणी विचारत नाही म्हणून माझ्यासारखीला परवडतात, हे एक कारण. दुसरं कारण सांगायला मला पंच्याऐंशी सालात जावं लागतं.

तेव्हा मी अंधेरीला, चकाल्याच्या आतल्या बाजूला, बिल्ल्यांच्या कारखान्यात हातप्रेसवर होते. अजूनही आहे. शाळांचे बिल्ले, पतपेढ्यांचे बिल्ले, कबड्डीची पदकं, सगळं आमच्याकडे ठोकलं जातं. पितळी पत्र्यातून गोल चकती कापायची, ती खालच्या डायवर, म्हणजे कोरलेल्या पोलादी ठशावर, खाचेत बसवायची आणि वरचा दांडा जोरात फिरवायचा. दाब बसला की चकतीवर सरस्वती उमटते, नाहीतर मशाल. डायवर अक्षरं उलटी कोरलेली असतात, त्यामुळे मला सरळ इंग्रजीपेक्षा उलटं इंग्रजी लवकर वाचता येतं. चकती नीट बसली नाही तर छाप सरकतो. असा सरकलेला बिल्ला टेबलाखालच्या रिजेक्टच्या डब्यात जातो आणि संध्याकाळी मालक रतनशेठ तो डबा हलवून आवाज ऐकतात. आवाज जास्त आला की त्या दिवशी बोलणी खायची.

महिन्यातून दोनदा पत्र्याची कतरण साकीनाक्याला भंगारवाल्या सहदेवकडे जायची. वजन करताना डोळ्यांत तेल घालून उभं राहायला रतनशेठ मला पाठवायचे, कारण मी भांडते. त्या दिवशीही मी सहदेवच्या तराजूपाशी उभी होते. त्याचं एक पारडं हलकं होतं, म्हणून त्याखाली चिंधीत काहीतरी बांधून त्यानं पासंग केला होता. मी म्हटलं, सोड ती चिंधी, बघू दे आत काय लपवलंयस. त्यानं कुरकुरत सोडली. आत एक जाडसर, हिरवंगार, वाकडं गोल नाणं निघालं.

मी ते हातात घेतलं आणि वजनाचं विसरूनच गेले. एका बाजूला माणसाचं डोकं होतं. हिरव्या थरातनं केस दिसत होते, केसांवर मण्यांची पट्टी दिसत होती, आणि नाकाच्या पुढं नाणंच संपलं होतं. पाठीमागच्या बाजूला अक्षरं होती, त्यातली तीन कळली, ए, व्ही आणि जी. मला पहिल्यांदा वाटलं, एखाद्या शाळेचा बिल्ला असेल आणि डाय कोरणाऱ्यानं आळस करून यूच्या जागी व्ही मारलाय. पण ही चकती पत्र्यातून कापलेली नव्हती. हे मला डोळे मिटूनही कळलं असतं.

"हे मला पाहिजे," मी म्हटलं.

"घे ना. पण माझा काटा वाकडा होईल, त्याचं काय?" सहदेव म्हणाला. "मद्रासकडच्या गोणीत आलं होतं. बरोब्बर वजनाचं सापडायला मला चार दिवस लागले."

माझ्या पिशवीत रिजेक्टचे बिल्ले होते. एक बिल्ला आणि तारेचा तुकडा मिळून वजन जुळलं. चिंधीत कुठल्याशा विद्यालयाची तिरकी सरस्वती बांधून मी नाणं घरी आणलं.

घरी म्हणजे घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर, दोन खोल्या, मी आणि बाबा. बाबा म्हणजे धोंडिराम तोरसकर, गिरणीत सव्वीस वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणीचं दार त्यांना उघडलंच नाही. आई आधीच गेली होती. पहिले काही महिने ते खाटेवर बसून भिंतीकडे बघायचे. मग एके दिवशी मी कामावरून आले तर सगळी भांडी घासून पालथी घातलेली. दुसऱ्या दिवशी तांब्याची कळशी चिंच आणि राख लावून अशी घासली होती की दारात ठेवल्यावर समोरच्या भिंतीवर तिचा उजेड पडत होता. शेजारची रत्नप्रभा म्हणाली, "काय बाई, तुझ्या बाबांना आता बायकांची कामं." मी तिला म्हटलं, तुझ्या घरची कळशी बाहेर आण, मग बोलू. त्यानंतर ती आमच्या दारात उभी राहून बोलत नाही. पण बाबांनी ते ऐकलं होतं. तरीही दुसऱ्या दिवशी त्यांनी कळशी बाहेरच घासली, सगळ्यांसमोर. मी त्यांच्यावरच गेलेय.

बाबांनी नाणं उजेडात धरलं. "ह्येका कळंक चढलोहा," ते म्हणाले. "हात धुवन घे आधी, मग जेव."

ते नाणं मी महिनाभर डब्याच्या पिशवीत घेऊन फिरले. कुणाला विचारावं तेच समजत नव्हतं. मग मुलुंडचा चंद्रप्रकाश नावाचा एक बारीक माणूस कारखान्यात आला. औषधांच्या कंपनीत कारकून होता. उपनगरातल्या नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं, त्यांचं डिसेंबरात प्रदर्शन, आणि त्यासाठी पन्नास बिल्ले हवे होते. मी त्याला बिल्ल्याचा नमुना दाखवला आणि नमुन्याशेजारी माझं नाणं ठेवलं.

तो बिल्ल्याकडे बघायचंच विसरला. खिशातून भिंग काढून बराच वेळ वाकून बसला.

"शकुताई, हे रोमन आहे," तो म्हणाला. "पंधराशे-सोळाशे वर्षांपूर्वीचं."

"रोम कुठे आणि साकीनाका कुठे?"

मग त्यानं मला जहाजांचं सांगितलं, मिरीचं सांगितलं, दक्षिणेत नदीच्या वाळूत अशी नाणी सापडतात आणि न ओळखता भंगारात जातात हे सांगितलं. त्या अर्ध्या तासात माझे पंचवीस बिल्ले मागे पडले आणि रतनशेठ दोनदा खोकले. मला त्याचं काहीच वाटलं नाही. अकरा वर्षं मी धातूवर छाप मारत होते आणि हेच काम सोळाशे वर्षांपूर्वी कुणीतरी करत होतं, हे मला पहिल्यांदा कळत होतं. चंद्रप्रकाशनं जाताना मंडळाचा छापील कागद दिला, माझं नाव सभासद म्हणून लिहून घेतलं आणि दुसऱ्या रविवारच्या सभेत नाणं घेऊन या म्हणाला. सभेला पसंत पडलं तर प्रदर्शनात मांडू. सगळं सांगितलं त्यानं, एवढं एकच सांगायचं राहिलं की नाणं आहे तसंच ठेवा.

बाबांनी सगळ्या आळीला सांगून टाकलं. शकूचं नाणं प्रदर्शनात जाणार, रोमच्या राजाचं. रत्नप्रभेला तर मुद्दाम दोनदा सांगितलं. रविवारी सकाळी मी वेणी घालत होते तेव्हा त्यांनी धुतलेल्या रुमालात काहीतरी माझ्यासमोर धरलं.

"असा कळंकलेला घेवन जातलंस काय लोकांत?" ते म्हणाले.

रुमालात माझा राजा होता. नव्या कळशीसारखा लालसर, लखलखीत. बाबा पहाटेपासून बसले होते. काथ्या लावला नव्हता, ओरखडे पडतील म्हणून. चिंचेचा कोळ आणि चाळलेली राख घेऊन नुसत्या बोटानं घासलं होतं, वीत-वीत कापडातला धागा शोधणाऱ्या माणसाच्या बोटानं. केसांची एकेक बट सुटी झाली होती. आणखी चार अक्षरं वर आली होती. मी खोटं बोलणार नाही, मला तेव्हा फार आनंद झाला. आमच्या कारखान्यातही पॉलिश केल्याशिवाय बिल्ला गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत.

सभा मुलुंडच्या एका शाळेत, चित्रकलेच्या वर्गात होती. बारा-तेरा पुरुष, बाई मी एकटी. अध्यक्ष जयवंतराव, बंदरावरच्या ऑफिसातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, डोळ्याला लावायचं भिंग गळ्यात दोरीनं. मी रुमाल उघडला. वर्गात एकदम शांतता झाली, आणि माझी मान जरा ताठ झाली. मला वाटलं, बघा, कसं चमकतंय.

"हे कुणी केलं?" जयवंतरावांनी विचारलं.

त्यांच्या आवाजावरून मला कळलं की काहीतरी चुकलंय. काय चुकलंय ते कळलं नव्हतं, पण कुणाचं नाव घ्यायचं नाही हे त्याच क्षणी कळलं.

"मी," मी म्हटलं.

"सोळाशे वर्षांचा पॅटिना. तो वर चढलेला थर नाण्याचं कातडं असतो, बाई. तुम्ही ह्याचं कातडं सोलून आणलंय." मग त्यांनी भिंग लावलं, नाणं उलटसुलट केलं. "अर्थात, ते सोळाशे वर्षांचं असेल तर. तुम्ही काम कुठे करता?"

"बिल्ल्यांच्या कारखान्यात. तुमचे पन्नास बिल्ले मीच ठोकतेय."

कुणीतरी मागे हसलं. जयवंतराव हसले नाहीत, त्यांनी फक्त नाणं टेबलावर ठेवलं आणि बोटानं माझ्याकडे सरकवलं.

चंद्रप्रकाश उठून म्हणाला की त्यानं ते हिरवं असताना पाहिलंय. "हिरवं काय," जयवंतराव म्हणाले, "मीठ-लिंबात पुरून ठेवलं की पंधरा दिवसांत कुठलाही तांब्याचा तुकडा हिरवा होतो. तुम्ही भोळे आहात." म्हणजे मी कारखान्यात राजा ठोकला, त्याला हिरवा केला, चंद्रप्रकाशला फसवलं आणि मग घासून सभेत आणला. एवढं डोकं मला असतं तर मी हातप्रेसवर असते का? हे मी मोठ्यानं म्हटलं. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. नाणं रुमालात बांधून मी निघून आले.

परत येताना मी रडले नाही. रडणं मला जमतच नाही, माझा सगळा राग कानात जातो आणि कान गरम होतात. माझ्यावर खोटेपणाचा आळ घेतला ह्याचा राग होताच. पण असल्फ्याचा चढ चढताना तो मागे पडला, कारण वर नाक्यावर बाबा उभे होते. आंघोळ करून, टोपी घालून, माझीच वाट बघत.

"काय म्हटल्यानी गो?"

"बघतच राहिले सगळे," मी म्हटलं. हे खरंच होतं.

"मगे जातला मां प्रदर्शनात?"

"जाणार म्हणजे काय. जाणारच."

ते वळले आणि माझ्यापुढं चालायला लागले. तीन वर्षांत मी त्यांना इतकं भरभर चालताना पाहिलं नव्हतं. रत्नप्रभेच्या दारावरून जाताना त्यांनी उगाच खाकरून घेतलं. मी त्यांच्या पाठीकडे बघत ठरवलं, हे नाणं त्या टेबलावर जाणार. ह्या माणसानं जे केलंय त्यानं वाट लागली, हे त्याला कुणीही सांगणार नाही. सांगायला आलाच तर आधी माझ्याशी गाठ आहे.

जयवंतरावांचा कुणावर विश्वास नसायचा, हे माझ्या पथ्यावर पडलं. पुढच्या आठवड्यात बिल्ल्यांची पहिली खेप तपासायला ते स्वतः कारखान्यात आले. रतनशेठांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. मी प्रेसवरून उठले नाही.

"साहेब, जरा इकडे या," मी म्हटलं. "मी राजा कसा ठोकते ते बघायचं नाही का?"

रतनशेठांनी डोळे मोठे केले. जयवंतराव मात्र आले. मी चकती खाचेत ठेवली, दांडा फिरवला, बिल्ला काढून त्यांच्या हातात दिला. मग दुसरा. मग तिसरा. तिन्ही अगदी सारखे.

"आता तुम्ही ठोका," मी म्हटलं.

ते बिचकले, पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नसावं. बाह्या वर करून त्यांनी चकती ठेवली. ती नीट बसली नाही, मी काही बोलले नाही. दांडा फिरवल्यावर छाप तिरका आला. त्यांच्या मंडळाच्या नावातलं पहिलं अक्षर बिल्ल्याच्या बाहेर गेलं होतं.

"तुमचाही हात सरकला," मी म्हटलं. "आता ह्याची कड बघा. पत्रा कापलेला आहे, त्यामुळे कड सरळ, एका बाजूला धार, बोटाला लागते. छाप सरकला तरी कडेला काही होत नाही. आणि ही माझ्या नाण्याची कड." मी रुमाल सोडला. "ही कुठेही कापलेली नाही. धातूची गोळी तापवून चपटी केलीय, मग हातोडा मारलाय. मारला तेव्हा धातू बाहेर पळाला आणि कड इथे फाटली, इथे आणि इथे. माझ्या प्रेसला हे जमत नाही. हे हातानं होतं. त्या माणसाचा हात सरकला, म्हणून राजाचं नाक गेलं. साहेब, असलं काम मी केलं असतं तर रतनशेठांनी मला कधीच काढून टाकलं असतं."

जयवंतरावांनी भिंग लावलं. कडेवरून नाणं फिरवत फिरवत सगळं बघितलं. मग त्यांनी त्यांचा तिरका बिल्ला बघितला. बराच वेळ लागला त्यांना, पण माणूस मुळात खोटा नव्हता.

"जुनं आहे," ते म्हणाले. "मी बोललो ते चुकलं. अर्केडियस. नाव वाचता येतंय."

"घासलं म्हणूनच वाचता येतंय."

"असेल. पण घासलेलं नाणं आपल्या टेबलावर नको. लोकांना वाटेल नाणी घासायची असतात."

मी पिशवीतून मंडळाचा छापील कागद काढला. आठवडाभर मी तो पाठ केला होता. चौथा नियम असा होता की प्रत्येक सभासदाला स्वतःचं नाणं मांडण्याचा अधिकार आहे, मात्र चिठ्ठीवर त्याची खरी व संपूर्ण माहिती लिहिली पाहिजे. खाली सही जयवंतरावांचीच होती. मी सहीवर बोट ठेवलं.

त्यांना राग आला. कान माझ्यासारखेच लाल झाले. "ठीक आहे," ते म्हणाले. "मग संपूर्ण लिहा. घासलंय हेसुद्धा लिहा, ठळक अक्षरात. लिहिणार असाल तर मांडा."

"लिहीन की," मी म्हटलं. त्यांना वाटलं होतं मी लाजेन. पण ते गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. चिठ्ठी सगळे वाचणार. बाबाही वाचणार. बाबा तर सगळ्यात आधी वाचणार.

चंद्रप्रकाशनं मला चिठ्ठीचा नमुना आणून दिला होता. राजाचं नाव, साल, धातू, वजन, कुठल्या टांकसाळीतलं. रोज संध्याकाळी कामावरून आले की मी कोरं कार्ड घेऊन बसायची. एकदा ‘घासलेले’ हा शब्द अगदी कोपऱ्यात बारीक लिहिला आणि फाडून टाकला. असलं चोरटं लिहिणं मला जमत नाही. समोर बाबा पातेली घासत असायचे, आणि अधूनमधून विचारायचे, झालं का लिहून.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी मी ते नमुन्याचं कार्ड पुन्हा वाचत होते आणि मला राजाचाच राग आला. ह्यानं काय केलं ह्या नाण्याला? हात तरी लावला का? हातोडा दुसऱ्यानंच मारला. त्याचा हात सरकला म्हणून त्यालाही कुणीतरी बोललं असेल, आणि तरी ते नाणं डब्यात न जाता समुद्र ओलांडून इथवर आलं. त्याचं नाव कुठेही नाही. पन्नास कार्डं लिहा, शंभर लिहा, त्याच्यासाठी रकानाच नाही. आणि माझ्या बाबांसाठी कुणी ठेवला होता रकाना? सव्वीस वर्षं त्यांनी विणलेल्या कापडावर गिरणीचा शिक्का होता. मी नवं कार्ड घेतलं, ठळक अक्षरात लिहिलं आणि बाबांना न दाखवता पाकिटात घातलं.

प्रदर्शनाच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. टोपी दोनदा झटकली. शाळेच्या सभागृहात हिरवं कापड घातलेली टेबलं होती आणि बरीच गर्दी होती. मी त्यांना सरळ आमच्या टेबलाकडे नेणार होते, पण त्यांना सगळं बघायचं होतं. हात मागे बांधून ते एकेका टेबलासमोर उभे राहत गेले. पहिल्या टेबलावरची नाणी काळी. दुसऱ्यावरची तपकिरी, हिरवी. तिसऱ्यावरची काळीच. त्यांची चाल हळू होत गेली. माझं नाणं दुरूनही दिसत होतं. त्या सगळ्या सभागृहात तेवढं एकच लखलखत होतं.

बाबा त्याच्यासमोर थांबले. वळले नाहीत.

"शकू," ते हळूच म्हणाले, "बाकीची कोणी घासूक नाय ती?"

मी टेबलावरचं कापड उगाच सरळ केलं.

"ह्यां घासूचा नसता काय गो?"

खोटं बोलता आलं असतं. इतके दिवस त्यासाठीच तर भांडत होते. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना कळलं होतं.

"त्यांच्याकडे घासणारं कोणी नाय, बाबा," मी म्हटलं. "तुम्ही चिठ्ठी वाचा."

त्यांनी चष्मा लावला. एकेका ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत वाचलं.

राजा: अर्केडियस, रोम.
ठोकणारा: नाव माहीत नाही. हात सरकला.
घासणारा: धोंडिराम तोरसकर, विणकर, घाटकोपर. चिंच आणि राख.

शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट बराच वेळ राहिलं. पलीकडून जयवंतराव आले. त्यांच्याबरोबर सूटबूट घातलेले दोन पाहुणे होते, दक्षिण मुंबईतले कुणी मोठे संग्राहक. त्यांतल्या एकानं वाकून नाणं बघितलं, तोंड वाकडं केलं, मग चिठ्ठी वाचली.

"कमाल आहे," तो म्हणाला. "हे धोंडिराम तोरसकर कोण?"

जयवंतरावांनी माझ्याकडे बघितलं. सभेत ‘मी’ कुणी म्हटलं होतं ते त्यांना आठवलं असावं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि टेबलापाशी सरळ उभे राहिले.

"मी," ते म्हणाले.